घरातून मोरसला गेलेला माणूस आणि त्याच्यावरची कादंबरी

कोंडगावकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या घराण्यातले एक जण १८६४ च्या सुरुवातीला गिरमिटावर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या मजुरीच्या करारावर, मॉरिशसला (घरच्या बोलण्यात 'मोरस'ला) गेले. नात्याने ते माझ्या खापरपणजोबांचे थोरले बंधू. त्यांच्यावर कादंबरी लिहायला घेतली आहे आणि आता अशा जागी अडलो आहे की इथल्या जाणत्यांशी बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही.

घरात चालत आलेली हकिकत अशी. डोक्यावर देणं झालं होतं म्हणून थोरले मुंबईला कामधंद्यासाठी गेले. तिथे कुणीतरी 'बेटावर दगड उलटला की खाली सोनं सापडतं' असं सांगून त्यांना फसवून जहाजावर चढवलं आणि ते जहाज वाटेत बुडालं. त्यांची बायको सासरीच राहिली, दिराच्या संसारात राबली आणि म्हातारी होऊन गेली. माझ्या आजोबांनी लहानपणी त्यांना पाहिलं होतं. घरात सगळे त्यांना 'मोरसची आजी' म्हणत. शेवटपर्यंत कपाळावर ठसठशीत कुंकू होतं, एवढं एक वर्णन आजोबा न चुकता सांगायचे.

आता कागद. मॉरिशसला मोका इथे महात्मा गांधी संस्थान आहे, तिथे गिरमिटियांच्या जुन्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. ओळखीतून तिथली एक नोंद मिळाली. नाव जुळतं, वडिलांचं नाव जुळतं, वय २४, जात 'मराठा', जिल्हा रत्नागिरी, मुंबईहून आलेलं जहाज, फेब्रुवारी १८६४. गावाचं नाव मात्र इतकं मोडलेलं आहे की कोंडगाव म्हणून वाचलं तर वाचता येतं, एरवी नाही. पुढच्या रकान्यात १८७१ मध्ये तिथेच लग्न झाल्याचा शेरा आहे.

म्हणजे ही नोंद त्यांचीच असेल तर जहाज बुडालं नाही. माणूस पोहोचला, जगला, त्याने दुसरा संसार केला.

माझ्या काकांना हे पटलेलं नाही. 'फसवून नेलं ते नेलं, बुडाले ते बुडाले. पन्नास माणसांनी ऐकलेली गोष्ट तू एका कारकुनाच्या ओळीवरून बदलू नकोस,' असं त्यांचं म्हणणं आहे. काकांचा शब्द मी सहसा मोडत नाही. पण कादंबरी लिहायची तर घरची हकिकत धरायची की कागद? आणि कागद धरला तर मोरसच्या आजींना काय उत्तर द्यायचं?

रानवाटा

विषय फार जवळचा आहे. आमच्या गावातूनही माणसं गेल्याचं ऐकलंय. वाचतोय, लिहीत राहा.

अपर्णा_वाचते

माझं मत स्पष्ट आहे. कागद धरा. ऐतिहासिक कादंबरीच्या वाचकाशी एक न लिहिलेला करार असतो: जे ठाऊक आहे त्याला लेखक धक्का लावणार नाही आणि जे ठाऊक नाही तिथे मन लावून कल्पना करेल. जहाज पोहोचलं हे ठाऊक असताना ते बुडवलंत, तर तुम्हाला सोपा शेवट मिळेल, पण थोरल्यांचं तिथलं सगळं आयुष्य पुसलं जाईल. त्या माणसाने तिथे ऊस तोडला, आजारपणं काढली, संसार केला. ते नाकारण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला?

काकांना दुखवायचं नसेल तर नावं आणि गाव बदला. तेवढं स्वातंत्र्य कादंबरीला असतंच.

दप्तरखाना

कोंडगावकर, आधी एक सावधगिरी. नाव आणि वडिलांचं नाव जुळणं हा त्या काळात फार कच्चा पुरावा आहे. तीच आठ-दहा नावं सगळ्या कोकणात फिरत होती. गिरमिटियाची खरी ओळख त्याच्या क्रमांकात होती. पगार, पास, लग्न, रुग्णालय, सगळीकडे तोच क्रमांक लागायचा. तुमच्या नोंदीतल्या क्रमांकावरून त्याच व्यक्तीच्या इतर नोंदी काढता येतात का ते विचारा. मालकाचं आणि मळ्याचं नाव मिळालं तर कथानकाला जमीन मिळेल. १८६० च्या दशकाच्या मध्यापासून काही जणांचे फोटोही आहेत.

इकडच्या बाजूला मुंबईत राज्य पुराभिलेखागार आहे, एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत. जनरल डिपार्टमेंटच्या बाडांत परदेशी जाणाऱ्या मजुरांविषयीचा सरकारी पत्रव्यवहार सापडतो. तिथे व्यक्तीचं नाव मिळण्याची आशा धरू नका, पण जहाज, डॉक्टर, धान्य, पाणी, तक्रारी यांचा तपशील मिळतो आणि कादंबरीकाराला नेमकं तेच लागतं. जोडीला १८८० चं रत्नागिरी जिल्ह्याचं गॅझेटियर हाताशी ठेवा.

फसवणुकीबद्दल म्हणाल, तर दोन्ही बाजूंना वजन आहे. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपली, मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारी १८३५ पासून. त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ ला, अॅटलस जहाजाने कलकत्त्याहून ३६ मजूर तिथे उतरवले होते. मळेवाल्यांना गुलामांच्या जागी माणसं हवी होती, एवढाच त्याचा अर्थ. इतके हाल झाले की १८३८-३९ मध्ये ही वाहतूक बंद करावी लागली. १८४० मध्ये खुद्द लॉर्ड जॉन रसेल या मंत्र्याने 'गुलामगिरीची नवी पद्धत' सुरू होण्याची भीती लिहून ठेवली. तरी १८४२ मध्ये परवानगी मिळालीच. महिना पाच रुपये आणि शिधा, आणि एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापायचा. हे वाचलं की काकांचा 'फसवून नेलं' हा शब्द अजिबात जड वाटत नाही.

पण दुसरी बाजूही खरी आहे. १८६० पर्यंत मॉरिशस कोकणाला अनोळखी राहिलेलं नव्हतं. परत आलेली माणसं होती. अशा परतलेल्यांना मळेवाले सरदार, म्हणजे मुकादम, म्हणून पुन्हा पाठवायचे आणि ते आपल्याच गावची, आपल्याच नात्यातली माणसं गोळा करायचे. मुंबईत सरकारी अधिकाऱ्यासमोर 'स्वखुशीने जातोस ना?' असं विचारलंही जायचं. त्या प्रश्नाला किती अर्थ होता हे तुम्ही कादंबरीत तपासायचं.

जयगडची_खाडी

मी दर्यावर्दी घरातला, तेव्हा समुद्राचं तेवढं बोलतो.

पावसाळ्यात कोकणातली बारकी बंदरं बंद असायची. नारळी पौर्णिमेनंतर हळूहळू दर्या खुला. तुमचा माणूस फेब्रुवारीत तिकडे उतरला, म्हणजे मुंबईहून जहाज साधारण जानेवारीत सुटलं असणार. शिडाचं जहाज, ईशान्येचा वारा पाठीशी, महिना-दीड महिना धरा. त्याआधी गावातून निघून मचव्याने मुंबई गाठायची, तिथे डेपोत थांबायचं. म्हणजे गाव सोडलं कार्तिक-मार्गशीर्षात. भात कापून, झोडून झालेलं. हा काळ नीट पकडा. आषाढाच्या धुवाधार पावसात बायकोला टाकून निघालेला नायक चित्रपटात शोभेल, पण त्या पावसात त्याला मुंबईला नेणारा मचवा मिळणार नाही.

दुसरं, तिकडचे ऋतू उलटे. ते बेट दक्षिण गोलार्धात. आपल्याकडे पेरणी-लावणी चालते त्या जून-जुलैत तिकडे थंडी असते आणि ऊसतोड सुरू होऊन वर्षअखेरपर्यंत चालते. नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचा काळ. आपला शिमगा तिकडे भर वादळांच्या दिवसांत येतो. शेतकऱ्याच्या अंगात ऋतू मुरलेले असतात. तो तिकडे गेल्यावर पहिलं वर्षभर त्याचं शरीर चुकीच्या महिन्यात पावसाची वाट बघेल. यावर एक अख्खं प्रकरण लिहा.

कोंडगावकर

दप्तरखाना, खाडीसाहेब, मनापासून आभार. क्रमांकावरून पुढची चौकशी सुरू करतो. ऋतूंचा मुद्दा तर मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवला आहे.

लिहून झालेल्यातला एक उतारा देतो. निघण्याच्या आदल्या रात्रीचा आहे. निर्दयपणे वाचा.

'ओटीवर रॉकेलचा कंदील जळत होता. तिने चहाचं भांडं चुलीवर चढवलं आणि त्याच्याकडे न पाहता विचारलं, "कधी येशीला?" तो म्हणाला, "पाच वर्सं." तिने बोटं मोजली नाहीत. पाच म्हणजे किती हे तिला ठाऊक होतं. पाच वेळा लावणी, पाच वेळा कापणी, पाच वेळा पालखी. वाड्यात गाय हंबरली तशी ती उठली आणि साडीचा पदर खोचून बाहेर गेली.'

शालिनीमावशी

बाळा, 'पाच म्हणजे किती हे तिला ठाऊक होतं' हे फार चांगलं आलंय. त्याला हात लावू नकोस.

बाकी मात्र बदल. १८६३ साली कोंडगावात चहा कुठून येईल? माझ्या माहेरी संगमेश्वराकडे चहा घरात रुळला तो माझ्या आजीच्या काळात. पेज असेल, ताक असेल. कंदील आणि रॉकेलही नको. उंडीच्या तेलाचा दिवा लाव, त्याचा वास लिही. साडी म्हणू नकोस, लुगडं म्हण. आणि पैशांचा उल्लेख आलाच तर राणीछाप रुपया लिहायला हरकत नाही, १८६२ पासून ते आले होते. खेड्यात मात्र कंपनीचे जुने रुपयेच जास्त दिसत असतील.

आता मुख्य गोष्ट. मी तुझ्या पहिल्या पोस्टवर रात्री बराच वेळ विचार केला. तुझी घरची हकिकत म्हणते, जहाज बुडालं. आणि तीच हकिकत म्हणते, मोरसच्या आजींच्या कपाळी शेवटपर्यंत कुंकू होतं. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतील? जहाज बुडाल्याची बातमी त्यांच्या हयातीत घरात आली असती, तर त्या काळच्या घराने त्यांच्या कपाळी कुंकू ठेवलं असतं का? शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ठेवू दिलं असतं का?

याचा अर्थ एकच निघतो. त्या जिवंत असेपर्यंत घरात सगळे थोरल्यांना जिवंतच समजत होते. जहाज बुडाल्याची गोष्ट नंतरची. ती कुणी रचली आणि कशासाठी, हा तुझ्या कादंबरीचा विषय आहे.

अपर्णा_वाचते

मावशी, अंगावर काटा आला. धागा चार वेळा वाचूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दप्तरखाना

शालिनीमावशींचा मुद्दा बिनतोड आहे. त्याला अजून एक जोड देतो. कुणबी-मराठा घरांत पाट लावायची रीत होती. नवरा वर्षानुवर्षं बेपत्ता असेल तर पंचांकडून मोकळीक घेऊन बाईला दुसरा घरोबा करता यायचा. अठरा-वीस वर्षांच्या बाईला तो मार्ग बंद नव्हता. म्हणजे मोरसच्या आजी राहिल्या त्या केवळ नाइलाज म्हणून राहिल्या असं गृहीत धरू नका. त्यांना निरोप येत होता का? पैसे येत होते का? १८५४ पासून अर्ध्या आण्यात देशभर टपाल जात होतं, त्यामुळे मुंबईपर्यंत पोहोचलेलं पत्र कोंडगावापर्यंत येणं अशक्य नव्हतं. लिहायला-वाचायला दुसरा माणूस लागला असता इतकंच.

विदर्भाचा_वारा

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. १८६३-६४ म्हणजे मुंबईत कापसाची तेजी. अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस अडला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. भरणीची कामं, रेल्वे, गोद्या, नव्या गिरण्या. रत्नागिरीच्या माणसाला मुंबईत काम मिळत नव्हतं असं म्हणताच येणार नाही. मग तो समुद्रापार का गेला? याचं उत्तर कादंबरीत आलं नाही तर जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटेल.

कोंडगावकर

राग कसला, याच प्रश्नाने माझी झोप उडवली आहे. घरच्या हकिकतीत उत्तर सोपं होतं: फसवलं. कागद हातात आल्यापासून ते सोपं राहिलेलं नाही.

सध्या मला एवढं सुचतं. तेजीत मजुरी वाढली, पण मुंबईत धान्य आणि राहणं दोन्ही भयंकर महागलं होतं. हातात रोकड शिल्लक राहणं कठीण. उलट गिरमिटात शिधा मळ्याचा, म्हणजे पाच रुपयांतले काही तरी खरोखर उरतील असा हिशेब कुणी मांडून दाखवला असेल. आणि सावकाराचा तगादा मुंबईपर्यंत पोहोचतो, समुद्रापार पोहोचत नाही. पण हे सगळं माझं तर्कट आहे, याला आधार पाहिजे.

पोर्टलुईकर

नमस्कार. मी मॉरिशसमध्ये राहतो. आमचे पूर्वज रत्नागिरी जिल्ह्यातून आले, गाव आम्हाला माहीत नाही. मराठी मी शाळेत शिकलो आणि नंतर पुस्तकांतून, म्हणून माझी भाषा थोडी पुस्तकी वाटेल.

हा धागा वाचून मला फार आनंद झाला आणि थोडी काळजीही वाटली. भारतातून आमच्यावर लिहिणारे बहुतेक लेखक पोर्ट लुईच्या घाटावर थांबतात. १८४९ मध्ये बांधलेला, गिरमिटियांना उतरवण्याचा तो डेपो, त्या सोळा पायऱ्या, २००६ मध्ये मिळालेला जागतिक वारशाचा दर्जा. हे सर्व आमच्यासाठी पवित्र आहे, दर वर्षी २ नोव्हेंबरला आम्ही तिथे जातो. परंतु आमचे पूर्वज त्या डेपोत दोन-तीन दिवस होते. आयुष्य त्यांनी मळ्यावर काढले. कृपया नायकाला पायऱ्या मोजायला लावू नका. महिनाभर जहाजात राहिलेला माणूस पायऱ्या मोजत नाही, त्याला जमीन हलते असे वाटते.

मळ्यावर काळा दगड फार होता. तो वेचून शेतात ढीग रचले, ते ढीग अजून उभे आहेत. सह्याद्रीच्या पायथ्याच्या माणसाला तो दगड ओळखीचा वाटला असेल. 'दगडाखाली सोने' ही गोष्ट आमच्याकडेही सांगतात.

तुमच्या पूर्वजांच्या करारातली वर्षे फार वाईट होती. १८६६ ते १८६८ हिवतापाची भयंकर साथ आली. पोर्ट लुईमध्ये माणसे इतकी मेली की शहर रिकामे झाले, श्रीमंत लोक उंचावरच्या थंड भागात राहायला गेले. मळ्यावरच्या लोकांना जायला जागा नव्हती. त्यातच १८६७ चा मजूर कायदा झाला. करार संपलेल्या माणसालाही फोटो लावलेला पास जवळ बाळगावा लागे, नसेल तर पोलीस भटक्या म्हणून पकडत. १८७१ मध्ये या जाचाविरुद्ध अदोल्फ द प्लेवित्झ नावाच्या मळेवाल्याने ९,४०१ मजुरांच्या सह्यांचा अर्ज गव्हर्नरला दिला, त्यातून पुढच्या वर्षी शाही आयोग आला. तुमच्या नोंदीतले लग्न त्याच वर्षीचे आहे. सात वर्षे बेटावर राहिलेला माणूस तेव्हा कोणत्या वातावरणात जगत होता, ते पाहा.

आणि परतीचे म्हणाल तर, १८५० नंतर लवकरच मोफत परतीचे तिकीट बंद झाले. पुढे आलेल्यांना स्वतःच्या पैशाने परतावे लागे. 'तो परत का आला नाही' या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथे आहे.

एक विनंती. त्या दुसऱ्या संसाराला तुमच्या कादंबरीत कलंक म्हणून दाखवू नका. त्या संसारातून आम्ही आलो.

कोंडगावकर

पोर्टलुईकर, तुमची पोस्ट मी घरात मोठ्याने वाचून दाखवली. काका ऐकत होते. काही बोलले नाहीत, पण 'तिकडे गणपती बसतो का, विचार' असं जाताना म्हणाले.

पोर्टलुईकर

काकांना नमस्कार सांगा. गणेश चतुर्थीला इथे राष्ट्रीय सुट्टी असते. मूर्ती घरी बनवणारी कुटुंबे अजून आहेत. घरी आम्ही क्रिओल (फ्रेंचवरून घडलेली इथली बोली) बोलतो, परंतु आरती मराठीत होते. आणि झाकरी नाच आहे, तुमच्याकडे जाखडी म्हणतात तोच. आमच्यापैकी अनेकांची आडनावे म्हणजे पहिल्या पूर्वजाचे किंवा त्याच्या वडिलांचे नाव आहे, शेवटी 'जी' लावलेले. गावाचे नाव आडनावात राहिले नाही, म्हणून गाव सापडत नाही.

तुमच्या नोंदीचा क्रमांक इथे जाहीर लिहू नका. त्या माणसाचे वंशज आज इथे असू शकतात, त्यांना ही बातमी एखाद्या संकेतस्थळावरून कळू नये. मला खासगी निरोपातून पाठवा, मी मोक्याला चौकशी करीन.

जयगडची_खाडी

अगदी योग्य बोललात.

कोंडगावकर, साथीविषयी लिहाल तेव्हा एक लक्षात ठेवा. हिवताप डासांमुळे होतो हे तेव्हा जगात कुणालाच ठाऊक नव्हतं, ते सिद्ध झालं १८९७ मध्ये. दूषित हवा, दलदल, देवीचा कोप, काहीही समजत असतील. नायकाला डास मारताना दाखवा, पण त्या डासाकडे अर्थपूर्ण नजरेने पाहायला लावू नका.

माझगावची_पोर

एक प्रश्न. १८३० च्या दशकातही तिकडे मराठी माणसं होती ना? मी वाचलंय की मुंबई इलाख्यातून कैदी पाठवत असत.

दप्तरखाना

हो. १८१५ पासून साधारण १८३७ पर्यंत बंगाल आणि मुंबईतून जन्मठेपेचे कैदी मॉरिशसला रस्ते बांधायला नेले. १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन पोर्ट लुईला उतरला होता, त्याने या हिंदुस्थानी कैद्यांच्या रुबाबदार चेहऱ्यांविषयी लिहून ठेवलंय. तेव्हा असे सुमारे ८०० जण बेटावर होते. १८६४ मध्ये त्यांच्यातला एखादा म्हातारा जिवंत असेल आणि नव्याने आलेल्या कोकण्याला तो मराठीत हाक मारेल, ही शक्यता कल्पनेच्या मर्यादेत बसते.

कोंडगावकर

हे पात्र मला हवंच होतं. मला पाहिजे होता असा कुणीतरी, जो थोरल्यांना सांगेल की इथून परत गेलेलं मी कमी पाहिलंय.

आणखी एक. माझ्याकडे एक मोडी कागद आहे, त्याचा उल्लेख मी पहिल्या पोस्टमध्ये केला नव्हता, कारण तो वाचताच आलेला नाही. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत होता. गहाणखत असावं. आमची थोडी धारेची, म्हणजे सारा थेट सरकारात भरायची, जमीन होती, तिच्याविषयी असेल. वर 'शके १७८५' एवढं ओळखू येतं. दप्तरखाना, आपण मोडी वाचता का?

दप्तरखाना

वाचतो. दिवसा उजेडात, कागद सपाट ठेवून, मागचा-पुढचा दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा. इस्त्री वगैरे करू नका, घड्या हलक्या हाताने उघडा.

शालिनीमावशी

तोवर माझं एक मागणं. कादंबरी थोरल्यांच्या पाठीमागे जहाजावर चढवण्याआधी एकदा आजींच्या बाजूने लिहून बघ. थोरल्यांची उंची, वय, जात, जहाज, मळा, सगळं सरकारने लिहून ठेवलंय. आजींविषयी कुणीही काही लिहिलेलं नाही, नावसुद्धा तुला ठाऊक नाही, मोरसची आजी एवढंच. जिच्याविषयी कागद गप्प आहे तिच्यासाठीच कल्पना खर्च कर. गावात काय कळलं, कधी कळलं, कुणी लपवलं, दळताना बायका काय बोलल्या. मॉरिशस दिसू दे ते तिच्यापर्यंत पोहोचलेल्या निरोपांतून.

अपर्णा_वाचते

मावशींशी निम्मी सहमत. पूर्ण आजींच्या बाजूने लिहिलं तर पोर्टलुईकरांची विनंती बाजूला पडेल. बेटावरचं आयुष्य निरोपांतून कळलं तर ते पुन्हा अर्धवट, दुरून पाहिलेलं होईल. दोन्ही बाजू आलटून पालटून याव्यात असं मला वाटतं. फक्त एक पथ्य पाळा: गावातल्या प्रकरणात गावाला जे कळलं नसतं ते वाचकालाही सांगू नका.

दप्तरखाना

कोंडगावकर, फोटो उत्तम आले. कागद वाचला. सारांश देतो.

शके १७८५, रुधिरोद्गारी संवत्सर, कार्तिक महिना. म्हणजे इसवी १८६३ चा नोव्हेंबर. तुमच्या थोरल्यांनी एका सावकाराकडून तीस रुपये घेतले आणि आपल्या हिश्शाचं भातखाचर गहाण लावलं. मुदत पाच वर्षं. वहिवाट धाकट्या भावाने करावी, पिकातून सावकाराचं व्याज द्यावं आणि उरलेल्यातून 'माझे कुटुंबास अन्नवस्त्र चालवावे' असं कलम आहे. कुटुंब म्हणजे बायको. सहीच्या जागी धाकट्या भावाची निशाणी नांगराची आहे.

आता विचार करा. गहाणाची मुदत पाच वर्षं, गिरमिटाचा करारही पाच वर्षांचा. माणूस गाव सोडण्याआधीच पाच वर्षांची सोय लावून निघाला आहे. मुंबईत अचानक कुणी गाठून जहाजावर चढवलेल्या माणसाच्या मागे असा कागद राहत नाही.

विदर्भाचा_वारा

माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. गावातूनच ठरवून गेला. मग सांगणाराही गावातलाच, किंवा पंचक्रोशीतला कुणी परतलेला.

अपर्णा_वाचते

तुमच्या उताऱ्यात तो 'पाच वर्सं' म्हणतो, ते कागद वाचण्याआधी लिहिलं होतंत!

कोंडगावकर

हो. करार पाच वर्षांचा असायचा एवढं वाचलं होतं, तेवढ्यावरून.

काकांना कागद वाचून दाखवला. 'अन्नवस्त्र' शब्दापाशी त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मग म्हणाले, 'म्हणजे टाकून गेला नव्हता.' इतकी वर्षं त्यांना 'फसवून नेलं' हा शब्द का धरून ठेवावासा वाटत होता, ते मला तेव्हा कळलं. फसवला गेला म्हटलं की बायकोला टाकल्याचा दोष राहत नाही. जहाज बुडालं म्हटलं की परत न आल्याचाही राहत नाही. घराने त्यांना सांभाळून घेतलं होतं.

आता ठरवलं आहे. आलटून पालटून दोन्ही बाजू. फसवणूक राहील, पण ती दगडाखालच्या सोन्याची नसेल. परतीचं तिकीट, दुहेरी कपात आणि पास यांची असेल. आणि जहाज बुडाल्याची गोष्ट शेवटच्या भागात येईल, आजी गेल्यानंतर, घरातल्या पुढच्या पिढीच्या तोंडी. नावं आणि गाव बदलणार.

दप्तरखाना

थांबा, मागची बाजू राहिली. तिथे दुसऱ्या हाताने लिहिलेल्या दोन ओळी आहेत. शके १७९२, प्रमोद संवत्सर. मुद्दल आणि राहिलेलं व्याज पावलं, खाचर सुटलं. 'हस्ते' म्हणून धाकट्या भावाचं नाव आहे. रक्कम कुठून आली ते लिहिलेलं नाही.

पोर्टलुईकर

शके १७९२ म्हणजे १८७० किंवा १८७१ ची सुरुवात. त्यांच्या लग्नाच्या शेऱ्याच्या थोडे आधी, किंवा त्याच सुमारास.

विदर्भाचा_वारा

पैसे मॉरिशसहून आले, उघड आहे.

दप्तरखाना

उघड नाही. भात विकूनही सहा-सात वर्षांत तीस रुपये फिटू शकतात, मुंबईला गेलेल्या दुसऱ्या भावाने दिले असतील. कागदावर 'हस्ते' एवढंच आहे. इतिहास म्हणून मी यापलीकडे एक अक्षर बोलणार नाही.

शालिनीमावशी

इतिहास नको बोलू दे. तो कादंबरी लिहितोय. बाळा, आजींना काय वाटत होतं ते लिही: पैसे कुठून आले असं त्या समजत होत्या?

कोंडगावकर

मावशी, तेच प्रकरण आज रात्री लिहायला घेतो. दीर खाचर सोडवून घरी येतो, त्या विचारतात, आणि तो जे उत्तर देतो त्यावर पुढची चाळीस वर्षं कुंकू राहतं. उत्तर खरं होतं की नाही हे मी सांगणार नाही. पोर्टलुईकर, क्रमांक तुम्हाला निरोपातून पाठवला आहे. १८७१ च्या लग्नात त्या बाईंचं नाव आणि क्रमांक काय लिहिलाय ते कळलं, तर त्यांच्या बाजूचंही काही हाती लागेल. तोवर कच्चा मसुदा इथेच भागाभागाने टाकत जाईन.